ख्रिस्ती मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टचं ट्रेनिंग: पूर्ण करून झाल्यावरचा माझा रिव्ह्यू

बरेच दिवस लिहायचं होतं, कारण महिन्यातून दोनतीन तरी मेसेज येतातच की ताई तुम्ही ते अमेरिकेत ख्रिस्ती फॅमिली थेरपीचं शिक्षण घेतलंत ना, कसं आहे ते, करावं का, आणि मी प्रत्येकाला तेच तेच टाइप करत बसते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी कॅलिफोर्नियातल्या एका सेमिनरीत मॅरेज अँड फॅमिली थेरपीचं मास्टर्स केलं, मग असोसिएट, म्हणजे लायसन्सच्या आधीची शिकाऊ थेरपिस्ट, म्हणून तास भरले, दोन्ही परीक्षा दिल्या आणि आता लायसन्स हातात आहे. सेमिनरीचं नाव घेणार नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि त्या माझ्या अनुभवापुरत्या आहेत.

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. त्या चारातले तीन फक्त सुपरव्हिजनचे. पुस्तकं कुठेही मिळतात, लेक्चर्स ऑनलाइन मिळतात, पण आपण एखाद्या नवराबायकोसमोर बसून नक्की काय करतो हे कोणीतरी टेप लावून, थांबवून, परत मागे नेऊन आपल्याला दाखवणं, हे दुसरीकडे मला कुठेच मिळालं नव्हतं, आणि ज्या लोकांना देवासाठी लोकांची मदत करायचीय त्यांना तर याची सगळ्यात जास्त गरज आहे असं माझं ठाम मत झालंय.

पण त्याआधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील. मी पहिल्यांदा या कोर्सला गेलेच नव्हते. एका मिनिस्ट्रीचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केला होता, वर्षभराचा, नाव मोठं, शेवटी ‘प्रमाणित ख्रिस्ती समुपदेशक’ असं सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. मला खरंच वाटलं की आता मी थेरपिस्ट होणार, थोडे तास भरले की झालं. राज्याच्या बोर्डाची वेबसाइट नीट वाचायला बसले तेव्हा कळलं की त्या वर्षातलं एक युनिटसुद्धा लायसन्ससाठी धरत नाहीत. त्या मिनिस्ट्रीला विचारलं तर म्हणाले आम्ही लायसन्सचं कधी म्हटलंच नव्हतं. आणि खरंय, लिहून कुठेच दिलं नव्हतं, फक्त त्यांच्या बोलण्यातून तसं वाटत राहिलं. मी रडले होते त्या दिवशी. कोणाला खोटं ठरवायला हे लिहीत नाहीये, मंडळीत लोकांना धीर द्यायला, आजाऱ्याजवळ बसायला तो कोर्स बरा होता. पण मंडळीतली सेवा वेगळी आणि थेरपिस्टचा व्यवसाय वेगळा, हा फरक फी भरायच्या आधी कळला पाहिजे.

फरक कायद्यातच आहे. कॅलिफोर्नियात पाळक, धर्मगुरू, रब्बी हे आपल्या सेवेचा भाग म्हणून समुपदेशन करत असतील तर त्यांना लायसन्स लागत नाही, तशी सूट दिलेली आहे. पण मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट म्हणून पाटी लावायची, फी घ्यायची, इन्शुरन्सवाल्यांकडून पैसे घ्यायचे तर लायसन्स हवंच. असा कायदा सगळ्यात आधी कॅलिफोर्नियानेच केला, १९६३ साली, आणि आता सगळ्या ५० राज्यांत हे लायसन्स आहे. २०२४ च्या १ जानेवारीपासून तर मेडिकेअरनेही आम्हाला पैसे द्यायला सुरुवात केली, म्हणजे म्हातारी जोडपी सरकारी विम्यावर आमच्याकडे येऊ शकतात, हा मला फार मोठा बदल वाटतो. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसांनाही बोलायला कोणीतरी लागतं.

‘ख्रिस्ती थेरपिस्ट’ असं वेगळं लायसन्स मात्र नसतं, हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून सांगितलं. लायसन्स सगळ्यांना एकच, ख्रिस्ती असो, ज्यू असो, काहीच न मानणारा असो. ख्रिस्तीपणा येतो तो तुम्ही कुठे शिकलात, कोणाच्या हाताखाली शिकलात आणि खुर्चीत बसल्यावर तुमच्या आत काय चाललंय त्यातून.

आता कोर्स. कॅलिफोर्नियात डिग्री किमान ६० सेमिस्टर युनिट्सची असावी लागते, क्वार्टर पद्धत असेल तर ९०. सेमिनरीत त्याच्यावर बायबल आणि थिऑलॉजीचे विषय येतात, त्यामुळे दोन वर्षांत होईल असं ब्रोशरवर असलं तरी नोकरी, घर, मुलं सांभाळून करणाऱ्याला तीन लागतात. मला तीनच लागली. पहिल्या वर्षी थिअरी, आणि मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण नाही आला. मरी बोवेन, साल्व्हादोर मिनुचिन, व्हर्जिनिया सटीर, फॅमिली थेरपीचा पाया घालणाऱ्या या लोकांनी साधारण एकाच काळात एक गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी सांगितली, की माणूस एकटा आजारी पडत नाही, घरातल्या सगळ्या नात्यांची एक रचना असते आणि दुखणं त्या रचनेत असतं. पोरगं शाळेत मारामारी करतंय म्हणून त्याला घेऊन येतात आणि तीन सेशननंतर कळतं की आईबाबा गेले सहा महिने एकमेकांशी फक्त त्या पोराबद्दलच बोलतात. पोरगं शहाणं झालं तर त्यांच्यात बोलायला काहीच उरणार नाही. बोवेन याला त्रिकोण म्हणतो. आपण सगळ्यांनी असे त्रिकोण पाहिलेले असतात, नाव माहीत नसतं इतकंच.

बोवेनची एक गोष्ट प्रोफेसरांनी सांगितली ती मनात बसली. १९६७ साली एका मोठ्या परिषदेत सगळे आपापल्या केसेस, आपापल्या थिअऱ्या मांडत होते आणि हा माणूस उभा राहून स्वतःच्या आईवडील भावंडांबद्दल बोलला, आपण त्या घरात परत जाऊन आपली जागा कशी बदलायचा प्रयत्न केला ते. नंतर ते छापलं तेव्हा लेखकाचं नाव घातलं नव्हतं. आमच्याकडूनही तेच करून घेतात. पहिल्याच सेमिस्टरला स्वतःच्या घरातल्या तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांचा नकाशा, काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर फुली, घटस्फोटाला रेघेवर दोन तिरके काप, भांडणाच्या नात्याला नागमोडी रेघ, आणि दोन माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतील की एक शिंकला तर दुसऱ्याला सर्दी होईल तर तीन समांतर रेघा.

मी पेन्सिल घेऊन बसले. पप्पा पाळक, आजोबाही पाळक, त्यामुळे मला वाटलं माझा कागद सगळ्यात स्वच्छ असणार, सगळीकडे साध्या सरळ रेघा. मग आत्याचा गोल काढला आणि तिच्याकडून पप्पांकडे जाणारी रेघ काढायला गेले तर हात थांबला. आत्या आमच्याकडे यायची नाही. का यायची नाही हे मला लहानपणापासून माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं, आमच्याकडे रोज कौटुंबिक प्रार्थना व्हायची आणि तिचं नाव त्या प्रार्थनेत कधीच आलं नाही हे मला तिथे बसून, पस्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा लक्षात आलं. तोडलेल्या नात्याची खूण असते, रेघ मध्येच तुटलेली आणि तुटलेल्या टोकांना दोन छोटे आडवे दांडे. ती खूण काढायला मला अर्धा तास लागला. त्या रात्री मी पप्पांना फोन केला. काय बोलणं झालं ते माझ्यापाशी राहू दे. पण हे सांगते की जो माणूस स्वतःच्या कागदावर ती खूण काढायला तयार नाही त्याने दुसऱ्याच्या घरातला कागद हातात घेऊ नये. आपल्या शास्त्रात कुसळ आणि मुसळाचं आहेच की. तो शास्त्रभाग मी शंभर वेळा ऐकला होता, पण माझ्या डोळ्यातलं मुसळ मला या असाइनमेंटनेच दाखवलं.

आता ती टेपची गोष्ट, जिच्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसले. ही क्लायंटची गोष्ट नाही, क्लायंटचं काही मी इथे लिहिणार नाही, हा वर्गातला रोलप्ले आहे. माझ्याच वर्गातले दोघं नवराबायको झाले होते, मी थेरपिस्ट, एका बाजूने आरपार दिसणाऱ्या आरशाच्या पलीकडे सुपरवायझर बाई आणि बाकीची मुलं, कॅमेरा चालू. नवरा बोलत होता, बोलतच होता, बायको मांडीवर पर्स घेऊन बसलेली आणि पर्सची चेन थोडी उघड, थोडी लाव असं चाललेलं. मग तिने मान वर केली, तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच मी म्हटलं, आपण जरा थांबून प्रार्थना करू या का. डोळे मिटले. मला वाटत होतं की छान प्रार्थना झाली, आवाज शांत होता, शब्द सुचत गेले.

दुसऱ्या दिवशी सुपरव्हिजन. बाईंनी टेप लावली, ती जागा आली, थांबवली, मागे नेली, परत लावली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी मला दिसलं. माझ्या ‘आपण जरा’ या शब्दांबरोबर तिची पर्सची चेन बंद झाली, एका झटक्यात, पूर्ण. बाईंनी मला एवढंच विचारलं, तुला त्या क्षणी काय वाटत होतं? मी म्हटलं, भीती. ती आता काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं आणि मला ते सांभाळता येईल का कळेना. त्या म्हणाल्या, मग ती प्रार्थना कोणासाठी होती? मी गप्प. जी मुलगी बायको झाली होती ती नंतर मला म्हणाली, तू डोळे मिटायला सांगितलंस आणि माझ्या तोंडावर आलेलं वाक्य मी गिळून टाकलं, आणि खरी बायको असते तर घरी जाऊन परत कधी काढलं नसतं.

मी जन्मापासून प्रार्थना करतेय. प्रार्थनेच्या आड आपण लपूही शकतो हे मला कोणत्याही उपासनेत कोणी सांगितलं नव्हतं. हे मला एका सुपरवायझरने टेप मागे नेऊन दाखवलं, आणि त्या स्वतः श्रद्धावान बाई होत्या, प्रार्थनेची टिंगल करणाऱ्या नव्हत्या, म्हणूनच ते मला पचलं. तेव्हापासून आतापर्यंत क्लायंट बोलायला तोंड उघडतोय आणि मला आतून काहीतरी बोलायची घाई झालीय असं वाटलं की मी आधी पाय जमिनीवर घट्ट टेकवते आणि पाचपर्यंत मोजते.

यावरून प्रश्न येतो की मग थेरपीत प्रार्थना, वचन हे आणायचं की नाही. या कोर्सचं हेच वेगळेपण असायला हवं आणि इथे सेमिनरीत शिकल्याचा खरा फायदा होतो. एका टोकाला अमेरिकन पाळक जे. अ‍ॅडम्स, १९७० पासून ज्यांनी मांडलं की पाळकाने पवित्र शास्त्रातूनच बोध करावा, मानसशास्त्र लागत नाही, आणि त्यांच्या विचाराची बरीच मंडळी आजही आहेत. दुसऱ्या टोकाला श्रद्धा कपाटात बंद करून मगच क्लिनिकमध्ये या म्हणणारे. मधे इंटिग्रेशनवाले, म्हणजे दोन्ही एकत्र कसं आणायचं याचा विचार करणारे. सियांग यांग तान या मानसशास्त्रज्ञ आणि पाळक असलेल्या गृहस्थांनी १९९६ मध्ये दोन शब्द दिले ते मला कामाचे वाटले, उघड इंटिग्रेशन आणि आतलं इंटिग्रेशन. उघड म्हणजे क्लायंटला हवं असेल, त्याने आधी तशी संमती दिली असेल तर प्रार्थना, शास्त्रभाग सेशनमध्ये वापरणं. आतलं म्हणजे तोंडाने देवाचं नावही न घेता, समोरच्याला मान देऊन, खरं बोलून, वेळेवर येऊन, मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना करून बसणं. माझे निम्म्याहून जास्त क्लायंट ख्रिस्ती नाहीत. त्यांच्याबरोबर मी कमी ख्रिस्ती असते असं मला कधी वाटलं नाही.

क्षमेवर एक पूर्ण आठवडा होता, तो माझा सगळ्यात आवडता. एव्हरेट वर्थिंग्टन नावाचे मानसशास्त्रज्ञ, क्षमेचाच अभ्यास करणारे, त्यांच्या म्हाताऱ्या आईचा १९९६ उजाडत असताना घरात घुसलेल्या चोराने खून केला. मग त्यांना क्षमेच्या स्वतःच्याच पाच पायऱ्या स्वतःवर लावाव्या लागल्या, दुखणं आठवणं, समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं, क्षमा भेट म्हणून देणं, ती दिली असं जाहीर ठरवणं आणि नंतर राग परत आला तरी ती धरून ठेवणं. शेवटची पायरी मला महत्त्वाची वाटते कारण मंडळीत आपण क्षमा केली म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी राग आला की आपली क्षमा खोटी होती असं समजून अपराधी होतो. राग परत येणारच, ते धरूनच ही पायरी ठेवलीय. जोडप्यांबरोबर मी हे खूप वापरते. लग्नांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचे चार घोडेस्वारही वापरते, टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि तोंड बंद करून भिंत होणं, नाव बायबलमधल्या प्रकटीकरणातूनच घेतलंय त्यामुळे ख्रिस्ती जोडप्यांना पटकन कळतं, आणि तुच्छता हा त्यातला सगळ्यात घातक घोडा हे एकदा सांगितलं की लोक घरी जाऊन स्वतःच ओळखायला लागतात.

आता जड विषय. ख्रिस्ती थेरपिस्टकडे येणाऱ्या बाईला बऱ्याचदा कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं की देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, सहन कर, प्रार्थना कर. आणि ती मार खात असते. या बाबतीत माझ्या प्रोग्रामने जे शिकवलं त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. पहिल्या भेटीच्या वेळीच दोघांना थोडा वेळ वेगवेगळं भेटायचं, घरी कोणाची भीती वाटते का हे एकट्याला विचारायचं, आणि मारहाण, दहशत चालू असेल तर दोघांना एकत्र बसवून जोडप्याची थेरपी करायची नाही, कारण ती खोलीत जे खरं बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागेल. आधी तिची सुरक्षा. एका प्रोफेसरांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय फळ्यावर लिहून एकविसाव्या ओवीवर बोट ठेवलं होतं. पत्नीने पतीच्या अधीन असावं हे लोक बाविसाव्या ओवीपासून वाचायला लागतात आणि एकमेकांच्या अधीन असा हे त्याच्या आधीच्याच ओवीत आहे. मी मोठी झाले त्या मंडळीत ती ओवी लग्नात कधी वाचलेली मला आठवत नाही.

घटस्फोटाबद्दलही स्पष्टता आहे. आमची व्यावसायिक संघटना, १९४२ मध्ये मॅरेज काउन्सेलर्सची म्हणून सुरू झालेली आणि आता ए.ए.एम.एफ.टी. म्हणून ओळखली जाणारी, तिच्या आचारसंहितेत लिहिलंय की लग्न, वेगळं राहणं, घटस्फोट, परत एकत्र येणं हा निर्णय क्लायंटचा, थेरपिस्टने तो त्यांचाच आहे हे त्यांना सांगायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पचलं नाही. मी वर्गात भांडले, की मग मी ख्रिस्ती कशाला, मी लग्न वाचवायला आलेय. आता कळतं की मी त्यांचं लग्न माझ्या हातात घेऊ बघत होते. मी लग्नासाठी मनापासून काम करते, मला लग्न टिकलेलं बघून आनंद होतो आणि तो मी लपवत नाही, पण निर्णय माझा नाही. ज्यांना हे मान्यच होणार नाही त्यांनी कृपया मंडळीतल्या सेवेत राहावं, ती सेवाही मोलाची आहे. तसंच अमुक प्रकारच्या क्लायंटला मी भेटणार नाही असं मनात ठरवून येणाऱ्यांनीही आधी आचारसंहिता वाचावी, त्यात वंश, धर्म, लैंगिक कल यावरून भेदभाव करता येत नाही. हे तिसऱ्या वर्षी कळून कोर्स सोडणारी माणसं मी पाहिलीत, त्यांचं फार नुकसान झालं.

तक्रारी. पहिली म्हणजे सगळेच वर्ग इंटिग्रेशनचे नव्हते, काही वर्गांत सुरुवातीला पाच मिनिटं प्रार्थना आणि पुढे तीन तास जे कुठल्याही युनिव्हर्सिटीत शिकवतील तेच. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या जोडल्या जात नाहीत. त्यासाठी सेमिनरीची फी का भरायची असं वाटायचं.

दुसरी तक्रार माझ्या जास्त जिव्हाळ्याची. मिनुचिनच्या थिअरीत घरातल्या सीमा फार महत्त्वाच्या, आणि सीमा पुसट असलेल्या घराला एक नाव आहे, एकमेकांत गुंतलेलं घर. आमच्या वर्गात एका केसमध्ये सासू घरात राहते, सून तिला विचारून मुलाचं दूध बंद करते, लगेच तीनचार जणांनी हात वर केले, गुंतलेलं घर, सीमा आखायला हव्या. मी म्हटलं थांबा, तिने विचारलं कारण तिला विचारावंसं वाटलं, सासू तिचा आधार आहे की ओझं हे आपण तिला अजून विचारलेलंच नाही. प्रोफेसर म्हणाले छान मुद्दा आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मला तिथे राहायचं होतं. मिनुचिन स्वतः अर्जेंटिनात मोठ्या गोतावळ्यात वाढलेला माणूस, त्याला हे नक्की कळलं असतं. मला या बाबतीत बोसोरमेनी-नाज या हंगेरीत जन्मलेल्या डॉक्टरांचा विचार जवळचा वाटला, की प्रत्येक घरात देण्याघेण्याची एक न दिसणारी खातेवही असते, कोणी कोणासाठी काय केलं, कोणाचं राहिलंय, आणि पोरं ती बाकी पुढच्या पिढीत फेडत राहतात. हे आपल्याकडच्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. एकत्र कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्यांनी वर्गात गप्प बसू नये, तुम्हाला जे दिसतं ते पुस्तक लिहिणाऱ्यांनाही दिसलेलं नसतं.

तिसरी, प्रॅक्टिकमची, म्हणजे शिकत असतानाच खऱ्या क्लायंटबरोबर काम करायची, जागा. ब्रोशरवर लिहिलं होतं आम्ही मदत करू, प्रत्यक्षात एक जुनी यादी दिली आणि अर्ध्या फोन नंबरवर कोणी उचलत नव्हतं. मी स्वतः फिरून एका समाजकेंद्रात जागा मिळवली. बिनपगारी. आठवड्याला सोळा तास, शिवाय नोकरी.

तासांचं गणित नीट समजून घ्या कारण इथेच लोक अडकतात. कॅलिफोर्नियात एकूण ३,००० तास सुपरव्हिजनखाली, किमान १०४ आठवड्यांत पसरलेले. त्यातले किमान १,७५० प्रत्यक्ष क्लायंटसमोरचे, आणि किमान ५०० जोडपी, कुटुंबं, मुलं यांच्याबरोबरचे. डिग्री मिळायच्या आधीचे जास्तीत जास्त १,३०० धरतात. मग दोन परीक्षा, कायदा आणि नीतीची, आणि क्लिनिकल. इतर बहुतेक राज्यांत वेगळी राष्ट्रीय परीक्षा असते, १८० प्रश्न, चार तास. त्यामुळे नंतर राज्य बदलायचा विचार असेल तर प्रोग्रामला सी.ओ.ए.एम.एफ.टी.ई. या फॅमिली थेरपीच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते बघा, कॅलिफोर्नियात ती नसली तरी चालतं पण बाहेर पडताना तिचा फार उपयोग होतो.

स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. डिग्रीनंतर कामाची परवानगी साधारण १२ महिन्यांची मिळते, आणि ही डिग्री सहसा त्या विज्ञान तंत्रज्ञानाच्या यादीत बसत नाही ज्यांना पुढे दोन वर्षं वाढवून मिळतात. १२ महिन्यांत उरलेले तास पूर्ण होणं फार अवघड. माझ्याबरोबरची एक मुलगी, अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे, दीड हजार तासांवर असताना तिला परत जावं लागलं. कॉलेजच्या ऑफिसने तिला हे प्रवेशाच्या वेळी सांगायला हवं होतं. मला अजून त्याचा राग येतो.

कायद्याचा वर्ग कोरडा वाटेल पण झोपू नका. मुलावर अत्याचार होत असल्याची वाजवी शंका आली की लगेच फोन आणि ३६ तासांत लेखी रिपोर्ट, पाळकसाहेबांना विचारते, कुटुंबाला वेळ देते, असलं काही नाही. क्लायंट दुसऱ्या कोणाच्या जिवावर उठला असेल तर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७६ च्या टॅरासॉफ निकालापासून थेरपिस्टवर त्या माणसाला वाचवायची जबाबदारी आहे. आणि जोडप्याबरोबर काम करताना एकाने गुपचूप फोन करून दुसऱ्याला सांगू नका म्हटलं तर काय, याचं धोरण पहिल्याच दिवशी कागदावर सही घेऊन ठरवायचं. मंडळीत वाढलेल्यांना हे जास्त जड जातं, कारण तिथे आपल्याला सगळ्यांची गुपितं पोटात ठेवायची सवय असते आणि तेच चांगुलपणाचं लक्षण मानलं जातं. त्यात अजून एक, स्वतःच्या मंडळीतल्या माणसाला क्लायंट म्हणून घेणं टाळायचं. रविवारी शेजारच्या बाकावर प्रभुभोजन घ्यायचं आणि मंगळवारी त्याच्या लग्नातलं सगळं ऐकायचं, हे दोघांनाही झेपत नाही. माझ्या मंडळीतल्या लोकांना मी नाही म्हटलं तेव्हा काहींना वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण मी त्यांना दुसऱ्या चांगल्या थेरपिस्टचा नंबर देते आणि दारापर्यंत सोडायला जाते.

खर्चाचा आकडा मी देत नाही कारण प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि दरवर्षी बदलतो, पण हिशोब असा करा, दर युनिटची फी गुणिले सगळी युनिट्स, अधिक थिऑलॉजीची जादा युनिट्स, अधिक प्रॅक्टिकमचा बिनपगारी काळ, अधिक असोसिएट असतानाचा कमी पगार, आणि काही ठिकाणी सुपरव्हिजनचे पैसेही स्वतःच्या खिशातून. हे सगळं धरूनच घरच्यांशी बोला. माझ्या नवऱ्याने त्या काळात दोन वर्षं एकट्याच्या पगारावर घर ओढलं, त्याच्याशिवाय हे झालं नसतं.

प्रवेश घेण्याआधी चौकशीला गेलात तर हे विचारा. राज्याच्या बोर्डाला तुमची डिग्री चालते का, लेखी द्या. मान्यता कोणाची. प्रॅक्टिकमची जागा कोण शोधणार, मागच्या वर्षीच्या मुलांना कुठे मिळाली. मारहाणीच्या केसेस कशा हाताळायच्या हे कुठल्या विषयात शिकवता. आणि सगळ्यात शेवटी विचारा की माझ्या सेशनची टेप कोण बघणार, आठवड्यातून किती वेळ, आणि ती व्यक्ती स्वतः अजून क्लायंट बघते का. मी आता कोणी विचारलं तर त्यांच्याबरोबर स्वतः फोनवर बसते आणि हा शेवटचा प्रश्न त्यांना विचारायला लावते. मागच्या महिन्यात एका ठिकाणच्या बाईंनी लगेच सांगितलं, मी बघते, दर गुरुवारी दोन तास, आणि बुधवारी माझे स्वतःचे क्लायंट असतात. त्या मुलीला मी म्हटलं, इथे फॉर्म भर.